बत्तीस बोरचा जावई

म्हैसने आडनावाचे उत्तमराव लुटले गेले, याचं त्यांना तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते लुटणारा जे बोलला त्याचं.

अकोटहून तेल्हाऱ्याकडे येताना, दिवेलागणीला, एका पुलाजवळ दोन पोरांनी मोटरसायकल आडवी घालून त्यांची जीप थांबवली. एकाच्या हातात चाकू होता. त्यांनी उत्तमरावांचा मोबाईल घेतला, घड्याळ घेतलं आणि आशाबाईंसाठी बांधून घेतलेली जिलेबीही घेतली. इथवर ठीक होतं, असं कोणावरही गुदरतं. पण उत्तमरावांना दरदरून घाम फुटलेला, हात लटलटा कापत असलेले. ते पाहून चाकूवाल्याला कळवळा आला.

"काका, घाबरू नका बरं," तो म्हणाला, "बीपी वाढीन तुमचा. पानी पेता काय?"

आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजून, "गाडी हळू चालवजा," असं बजावून मगच तो गेला.

उत्तमराव तरुणपणी तालमीत जायचे. चिखलात रुतलेली भरली बैलबंडी त्यांनी एकट्यानं खांदा लावून काढली होती, हे गावात अजून सांगतात. अशा माणसाला चोरानं पेशंट ठरवावं! रात्रभर ते तळमळले आणि सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मले रिवॉल्वर पायजे."

"जिलेबीसाठी?" आशाबाईंनी विचारलं.

उत्तमराव उठले. जीपला चावी मारली आणि परवान्याचा अर्ज करायला थेट अकोला गाठलं.

आता परवाना काही बाजारातला मुळा नव्हे. जिवाला धोका आहे हे दाखवावं लागतं. चौकशीला ठाण्याचे जमादार गावात आले आणि पारावर बसून त्यांनी चार माणसं गोळा केली. म्हैसन्यांचं कोणाशी वाकडं आहे का, असं विचारलं. गावानं उत्तमरावांचं इतकं कौतुक केलं, इतकं केलं, की विचारता सोय नाही. भला माणूस. देवमाणूस. मुंगीले पाय लावत नाई. कोणाच्या अध्यात ना मध्यात. जमादार खूश होऊन लिहून घेत होते आणि खांबाआड उभे असलेले उत्तमराव तिकडे रडकुंडीला आले होते.

"अरे, कोणीतरी म्हना ना वाईट!" ते शेवटी पुढं येऊन म्हणाले. "जमादारसाहेब, माहं वैर हाय. खुशालशी हाय. इचारा त्याले."

खुशालराव हे त्यांचे चुलतभाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आणि तो धुरा नेमका कोणाचा यावरून बापांपासूनचं भांडण. दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. जमादार उठून खुशालरावांच्या ओट्यावर गेले.

"तुम्ही उत्तमरावांना कधी धमकी दिली?"

खुशालराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी बराच विचार केला. "धमकी म्हनान, त नाई देल्ली. पन धुऱ्यावर उभा राह्यलो की त्याच्याबद्दल माह्या मनात लय वाईट इचार येतात. तेवढे लिहून घ्या."

"मग?"

"मंग घरी येतो, जेवतो, अन् जातात निघून."

त्या संध्याकाळी कैक वर्षांत पहिल्यांदाच उत्तमराव आपणहून खुशालरावांशी बोलले. "खुशाल, जरा जोरात सांगाले काय झालं होतं तुले?"

"म्या खोटं बोलत नाई," खुशालराव म्हणाले, आणि बोलणं पुन्हा बंद झालं.

पण लुटीची तक्रार ठाण्यात नोंदलेली होती, तिच्या जोरावर अर्ज सरकत राहिला. अर्ज केला तेव्हा उत्तमरावांची मुलगी आचल बारावीला होती. परवाना हातात पडला तेव्हा ती अमरावतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि एवढ्या अवधीत बापाआधी तिनंच पिस्तूल हातात घेतलं होतं. म्हणजे छर्ऱ्याचं, हवेच्या दाबावर चालणारं. त्याला परवाना लागत नाही. रेंजवर उभं राहून कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरायचा. विद्यापीठाच्या संघात तिची निवड होईल असं तिचे सर म्हणत होते. उत्तमरावांना ते पोरखेळ वाटायचं.

खरेदीला अमरावतीला जायचं ठरलं तेव्हा आशाबाईंचा धाकटा भाऊ श्याम आपसूकच जीपमध्ये बसला. श्यामचा मेटाडोर होता, कापसाची ने-आण करायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं त्याला कळायचं.

"भाऊजी, पिस्तूलच घ्या," तो वाटेत म्हणाला. "रिवॉल्वर म्हातारे लोकं घेतात."

अमरावतीच्या जुन्या बाजारात नारायणराव जोगळेकरांचं आजोबांपासूनचं दुकान. बाहेरून पाहिलं तर भांड्यांचं वाटावं. आचल कॉलेजातून परस्पर तिथं आली होती. नारायणरावांनी परवाना वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "कशासाठी हवं आहे आपल्याला?"

"जिवासाठी," उत्तमराव म्हणाले.

"स्वसंरक्षण. बरं. घरात ठेवणार की अंगावर बाळगणार? नेमबाजीचा सराव करणार का?"

साडी घ्यायला आलेल्या बाईला विचारावं तसं ते विचारत होते. उत्तमरावांना वाटलं होतं, दुकानात शिरताच लोक उठून उभे राहतील.

"पिस्तूल दाखवा," श्याम म्हणाला.

नारायणरावांनी पिस्तूल काढलं, दोनदा तपासलं, रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं. "याची मुठीतली पेटी भरायची आणि वरचा भाग असा मागं ओढून सोडायचा. सराव लागतो. ओढून बघा."

उत्तमरावांनी ओढलं. सरकलं नाही. मग त्यांनी बंडी काढतानाचा जोर लावला. वरचा भाग सटकन मागं आला, उत्तमरावांचं कोपर त्याहून मागं गेलं आणि श्यामच्या हातातला चहा श्यामच्याच शर्टावर सांडला.

"रिवॉल्वर पाहू," उत्तमराव म्हणाले.

रिवॉल्वर सोपं होतं. चक्रात गोळ्या घालायच्या, चाप दाबायचा, ओढण्या-सोडण्याची भानगड नाही. पहिलं आलं ते छोटंसं, देखणं, खिशात मावेल असं. उत्तमरावांनी मुठीत घेतलं आणि बोट चापाच्या कडीत घालायला गेले, तर बोट जाईना. शेतात वखर, पाळी, डवरणी करून करून ते बोट भेंडीएवढं नव्हे, गाजराएवढं झालेलं. कसंबसं घातलं तर निघेना. नारायणरावांनी तेलाचा थेंब सोडून ते मोकळं केलं. हा प्रकार त्यांना नवा नसावा.

"एकदम मोठं काहाडा," श्याम म्हणाला.

मोठं आलं. लांब नळीचं, काळंभोर. उत्तमरावांचे डोळे चमकले. हेच! हे पाहिलं की चोरालाच पाणी पाजावं लागेल.

"हात सरळ करा, समोरच्या कॅलेंडरवर नेम धरा आणि तसाच ठेवा," नारायणराव म्हणाले.

उत्तमरावांनी छाती काढून हात सरळ केला. नळी आधी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीवर होती. मग ती लक्ष्मीच्या कमळावर आली. मग तारखांवर. मग कॅलेंडर संपलं, भिंत संपली, आणि हात बापडा हळूहळू उतरत श्यामच्या पायांवर आला. श्याम टुणकन स्टुलावर चढला.

"रिकामं असलं तरी माणसाकडे नाही," नारायणराव शांतपणे म्हणाले आणि नळी बाजूला केली. "पहिला नियम."

आचल पुढं आली. तिनं काचेतलं एक मधल्या चणीचं, बत्तीस बोरचं रिवॉल्वर दाखवायला सांगितलं. वडिलांच्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून मुठीभोवती बसवली. बोट आत गेलं. हातही टिकला, कॅलेंडरच्या बाहेर गेला नाही.

"बाबा, हातात बसते ते घ्या. डोयात भरते ते नोको," ती म्हणाली. "अन् महिन्यातून एकदा तरी रेंजवर येऊन चालवा. चालवलं नाई त उपेग काय?"

"नांगर चालवाले कोनी शिकवलं होतं मले?" उत्तमराव म्हणाले. पण रिवॉल्वर तेच घेतलं.

घरी आल्यावर सुरुवातीचे आठ दिवस झोकात गेले. मग नियम सुरू झाले. रिवॉल्वर कुलपात हवं. काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. लग्नाकार्यात मिरवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, कोणाच्या हाती द्यायचं नाही. लोखंडी कपाटाच्या दोन्ही कप्प्यांच्या चाव्या आशाबाईंच्या कमरेला, कारण घरातल्या चाव्या आजवर तिथंच राहात आल्या होत्या.

"मंग चोर आला त त्याले काय सांगान?" आशाबाई म्हणाल्या. "थांब रे बाप्पा, बाई भजनाले गेली, चाबी तिच्यापाशी हाय?"

उत्तमराव पोटाशी रिवॉल्वर बांधून एकदा तेल्हाऱ्याच्या बाजारात गेले. चारचौघांच्या लक्षात यावं म्हणून सदऱ्यावरून हात फिरवत राहिले. भेटलेल्या प्रत्येकानं आस्थेनं विचारलं, "हर्नियाचं ऑपरेशन झालं काय जी? पट्टा किती दिवस हाय?" त्यांनी बांधणं सोडून दिलं.

आणि झोप गेली. पूर्वी घरात चोर आला तर काय नेईल? फार तर तूर नेईल. आता चोर रिवॉल्वर नेईल. म्हणजे त्या चाकूवाल्याच्या हाती उद्या आपलंच रिवॉल्वर, आणि पोलीस आपल्या दारात! कुत्रं भुंकलं की उत्तमराव उठायचे, कपाटाला हात लावून यायचे. मांजरानं भांडं पाडलं की उठायचे. आशाबाई अंथरुणातून म्हणायच्या, "जावई उठला काय? पानी पायजे काय त्याले? इचारा." बत्तीस बोरच्या त्या जावयाची बडदास्त ठेवता ठेवता सासऱ्याच्या डोळ्यांखाली काळं आलं.

अशात विधानसभेची निवडणूक लागली, आणि हत्यारं ठाण्यात जमा करा असा निरोप आला. उत्तमराव पहिल्याच दिवशी गेले. पावती घेतली, घरी आले, दुपारीच आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी गडी हाका मारू लागले तेव्हा उठले. सगळी निवडणूक त्यांनी अशी झोपेत काढली. चेहऱ्यावर तेज आलं. निकाल लागला तसे मात्र ते उदास झाले. लोकांना वाटलं, त्यांचा उमेदवार पडला.

"लोकशाहीत," ते पारावर म्हणाले, "सालातून एकच निवडनूक काहून? चार घेत जा म्हना."

रिवॉल्वर परत घरी आलं, आणि त्याच सुमारास कापूसही घरी आला. यंदा पीक बरं होतं. माजघराला लागून असलेली खोली छतापर्यंत भरली. भाव वाढेल म्हणून उत्तमरावांनी कापूस धरून ठेवला होता.

एके दिवशी सकाळी आशाबाईंकडून कपाट उघडून घेऊन ते रिवॉल्वर पुसत बसले होते. त्याच दिवशी आचलच्या निवडीची स्पर्धा अमरावतीला होती आणि त्यांनी यायचं कबूल केलं होतं. रिवॉल्वर पुसून झालं, कपाटाकडे गेले, तर कपाट बंद. आशाबाई कपाट लावून बार्शीटाकळीला बहिणीकडे गेलेल्या, आणि चाव्या त्यांच्या कमरेसोबत गेलेल्या. उत्तमराव हातात रिवॉल्वर घेऊन घरभर फिरले. पिठाचा डबा? गडीण उघडते. देवघर? बरं दिसत नाही. शेवटी त्यांची नजर कापसाच्या खोलीकडे गेली. रिवॉल्वर त्याच्या कापडी पिशवीत घातलं, कापसात खांद्यापर्यंत हात खुपसून आत सारलं, वरून कापूस थापटला आणि निर्धास्त होऊन जीप काढली. इतकी चांगली जागा आधी कशी सुचली नाही, याचं त्यांना दर्यापूरपर्यंत नवल वाटत होतं.

रेंजवर आचल नेम धरून उभी होती. एका रांगेत दहा पोरंपोरी, एक हात लांब, दुसरा खिशात, आणि चिडीचूप शांतता. उत्तमरावांना देवळात आल्यासारखं वाटलं. त्यांनी चपला काढल्या. आचलची फेरी चांगली झाली. निवड झाल्याचं सरांनी सांगितलं, तसा उत्तमरावांनी घरी फोन लावला. आशाबाई दुपारीच बार्शीटाकळीहून परतल्या होत्या.

"पोरीची निवड झाली!" ते ओरडले.

"बाई बाई! आज दिवसच चांगला हाय," आशाबाई म्हणाल्या. "अजी, कापूस देऊन टाकला म्या. श्याम आला होता मेटाडोर घेऊन, भाव चढला म्हने. म्या म्हटलं भर बाप्पा. खोली कशी मोकयी मोकयी वाटून राह्यली!"

उत्तमरावांच्या कानावरचा फोन खाली आला. आचलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन काढून घेतला. "आई, बाबा पांढरे पडले. काय सांगतलं तू?"

जीप आचलनं चालवली. उत्तमरावांना चावी भोकात घालता येईना. श्यामचा फोन लागत नव्हता. दर्यापूर मागं पडलं तेव्हा कुठं त्यांनी रिवॉल्वर कुठं ठेवलं ते सांगितलं.

"कापसात?" आचल म्हणाली. "बाबा, रिवॉल्वर? कापसात?"

"काडतुसं नाई त्यात. काडतुसं कपाटात हायेत."

"तेवढं एक बरं केलं. नाकानं श्वास घ्या. आता हळूहळू सोडा. पुन्हा."

"आचल, हरवलं त मले जेलात टाकतीन."

"श्वास सोडताना बोलू नोका."

आशाबाईंनी सांगितलेलं, अकोटच्या बाहेरचं, सरकी काढायचं ते जिनिंग. अंगणात कापसाचा एवढा मोठा ढीग, की वरच्या माणसाची टोपी तेवढी दिसावी. ढिगाच्या एका टोकाला माणसं कापूस लोटत होती आणि मशीन तो आत ओढून घेत होतं. श्याम रिकाम्या मेटाडोरला टेकून चहा पीत होता. "भाऊजी! एक नंबर भाव लागला," असं म्हणेपर्यंत भाऊजी चपलांसकट ढिगावर चढले होते आणि दोन्ही हातांनी कापूस उपसत होते.

"ओ काका! उतरा खाली!" सुपरवायझर धावत आला. "काय झालं?"

उत्तमरावांनी डोकं चालवलं. रिवॉल्वर म्हणावं तर पळापळ होईल, ठाण्यात वर्दी जाईल. "चश्मा पडला माहा," ते म्हणाले.

"नाकावर काय हाय मंग?"

उत्तमरावांनी नाक चाचपलं. "हा जवयचा. दूरचा पडला."

"जाऊ द्या ना काका, दुसरा करा."

"नाई नाई. लोखंडी डांडीचा हाय. चांगला जड हाय."

लोखंड हा शब्द ऐकताच सुपरवायझरचा चेहरा बदलला. कापसासोबत लोखंड मशीनमध्ये गेलं की ठिणगी उडते, आणि कापसाला ठिणगी म्हणजे अख्खं जिनिंग राख. "मशीन बंद करा!" तो गरजला. घरघर थांबली. हमाल, गाडीवाले, काट्यावरचा माणूस, कापूस घेऊन आलेले शेतकरी, सगळे काकांचा चष्मा शोधायला ढिगावर चढले. उत्तमराव दुप्पट वेगानं उपसू लागले. आता यांच्यातल्या कोणाच्या हाती लागलं तर?

"असा कसा चश्मा, बाप्पा," एक म्हातारा म्हणाला, "माह्या बुढीसाठी म्या एवढा रडलो नाई."

शोधणाऱ्यांत खुशालरावही होते. ते सकाळीच आपला कापूस घेऊन आलेले. उत्तमरावांकडे न बघता ते पलीकडच्या बाजूनं गुमान कापूस बाजूला करत होते. अचानक ते थांबले. आजूबाजूला पाहिलं. आणि जिथं होते तिथंच मांडी घालून बसले.

"काय झालं काका?"

"चक्कर आली," खुशालराव म्हणाले. "सगळे खाली उतरा. हवा येऊ द्या. उत्तमले पाठवा तेवढं. तो भाऊ हाय माहा."

भाऊ म्हटल्यावर अंगणातली गावची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. श्यामच्या हातून पुन्हा चहा सांडला. लोक खाली उतरले, उत्तमराव वर पोचले. खुशालरावांनी मांडीखालची कापडी पिशवी बोटानं जराशी दाखवली.

"हा तुहा दूरचा चश्मा?"

"हाव," उत्तमराव कुजबुजले.

"लयच दूरचं दिसत असंन यातून."

"खुशाल, हळू बोल. पाया पडतो तुह्या."

"पडू नोको, लोकं पाहून राह्यले." खुशालरावांनी पिशवीवर कापूस ओढला. एक आरोळी ठोकली असती तर उत्तमरावांची अब्रू त्या अंगणातच संपली असती, हे दोघांनाही कळत होतं. "धुऱ्याचं बोलू काय आता?"

उत्तमरावांनी डोळे मिटले. "बोल."

"धुऱ्यावरचं बोरीचं झाड माहं."

"घे. धुराही घे."

"धुरा नोको. धुरा तसाच राहू दे," खुशालराव म्हणाले. "मंग भांडाले काय राहीन आपल्यापाशी?"

त्यांनी दुपट्टा झटकून पिशवीभोवती गुंडाळला, तो उत्तमरावांच्या काखेत सरकवला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय ओढत ढिगावरून उतरले. दोघे चुलतभाऊ असे गळ्यात गळा घालून येताना पाहून गावची दोन माणसं गहिवरली. श्यामनं तर डोळे पुसले. "चश्मा सापडला हो!" खुशालरावांनी सांगितलं आणि मशीन पुन्हा घरघरू लागलं.

घरी आशाबाईंना सगळं कळलं. त्या रागावल्या नाहीत, त्याहून वाईट केलं. त्या हसल्या, पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जावयाले कापसात निजवलं! गादी कमी पडली काय?"

पुढच्याच आठवड्यात उत्तमराव रिवॉल्वर घेऊन नारायणराव जोगळेकरांच्या दुकानात उभे होते. सोबत आचल होती.

"विकायचं आहे? कागद करावे लागतील, पण होईल," नारायणराव म्हणाले. "कसं चाललं?"

"चालवलं नाई."

"एकदाही?"

"एकदा पेरलं होतं," आचल म्हणाली.

नारायणरावांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "असं करू नका हो. देण्याआधी क्लबच्या रेंजवर नेऊन सहा गोळ्या तरी झाडा. वस्तू कशी होती ते तरी कळेल."

मग रीतसर परवानगी काढून उत्तमराव रेंजवर गेले. कानांना ती मोठी झाकणं लावली, समोर माणसाएवढा कागद. पहिल्या गोळीला त्यांनी दोन्ही डोळे मिटले. आवाज असा झाला, की पोटातले सकाळचे तर्री-पोहे हलले. सहाही गोळ्या संपल्या तेव्हा कागदावर दोन भोकं होती, आणि शेजारच्या कागदावर एक. शेजारचा माणूस सभ्य होता, काही बोलला नाही. उत्तमरावांनी रिवॉल्वर खाली ठेवलं आणि बघितलं, तर हात पुलावर कापत होते तसेच कापत होते. गोळी त्यांच्याच हातून सुटली होती, तरी.

"मले वाटलं होतं, हे हातात आलं की भेव जाईन," ते आचलला म्हणाले.

आचलनं त्यांना बाजूच्या शेडमध्ये नेलं आणि आपलं छर्ऱ्याचं पिस्तूल हातात दिलं. "हे घ्या. याले कोनी भेत नाई. पाय एवढे फाका. समोर नोका पाहू, इथी टोकावरच्या माशीकडे पाहा. आता श्वास घ्या, अर्धा सोडा, अन् थांबा."

उत्तमराव थांबले. हात आधी हेलकावत होता, मग हेलकावा लहान झाला. फट् असा बारका आवाज आला, फुगा टाचणीनं फोडल्यासारखा. कागदावर, काळ्या गोलाच्या अगदी काठावर, एक भोक पडलं होतं.

"पुन्हा," उत्तमराव म्हणाले.

संध्याकाळी शेडचा पहारेकरी कुलूप घेऊन उभा राहिला तरी ते म्हणत होते, "एक. फकस्त एक."

रिवॉल्वर जोगळेकरांकडे राहिलं, परवाना सरकारकडे परत गेला. आशाबाईंना आता अख्खी रात्र झोप लागू लागली, पण दिवसा नवा ताप सुरू झाला. गोठ्याच्या मागल्या भिंतीला पोती बांधून, त्यांवर कागद डकवून उत्तमराव रोज सकाळी तास-तास स्वतःचं छर्ऱ्याचं पिस्तूल रोखून, एक हात खिशात घालून उभे राहायचे, आणि तेवढ्या वेळात कोणी हाक मारायची नाही. म्हशींनासुद्धा ते कळलं होतं. खुशालराव कधीकधी बोरं घेऊन यायचे, बाजेवर बसून खायचे आणि प्रत्येक फट् नंतर म्हणायचे, "हुकला." बहुतेक वेळा ते खरं असायचं.

उन्हाळ्यात अकोल्याला ज्येष्ठांची एक स्पर्धा झाली. साठीच्या पुढचे. आचलनं परस्पर नाव दिलं होतं. उत्तमराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले आणि दुपारी निकाल लागल्याबरोबर त्यांनी घरी फोन केला.

"कितवे आले?" आशाबाईंनी विचारलं.

"नववा."

"बाई! अन् किती जन होते?"

"दहा."

"दहावा कोन होता मंग?"

उत्तमरावांनी आजूबाजूला पाहिलं, फोनवर हात आडवा धरला आणि आवाज खाली आणला. पण त्यातला आनंद काही केल्या खाली येईना.

"रिटायर फौजदार हाय वो. लय घाबरला बिचारा," ते म्हणाले. "अन् आता त्यालेच चहा पाजाले नेऊन राह्यलो."